घाई करायची ती विसार देण्याआधी

माझ्या घराला १७८ दिवस लागले. २०२३ च्या दिवाळी पाडव्याला मी कर्वेनगरमधल्या एका जुन्या इमारतीतल्या फ्लॅटचा विसार (सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम) दिला, ‘संक्रांत नव्या घरात’ असं आईला फोनवर सांगितलं, आणि किल्ली हातात आली ती २०२४ च्या अक्षय्य तृतीयेला. मधले चार महिने १६,००० रुपये भाडं जास्तीचं गेलं. आई सांगलीहून दर आठवड्याला विचारायची, “कुठं अडलंय गं?” आणि मला धड सांगता यायचं नाही.

धाकट्या भावाने २०२५ मध्ये चिंचवडला फ्लॅट घेतला. घटस्थापनेला विसार, तुळशीच्या लग्नाच्या दिवशी किल्ली. ४१ दिवस. वकील तेच, बँकही तीच. आम्ही फक्त कामांचा क्रम बदलला होता. माझ्या वेळी जे विसार दिल्यानंतर शोधत बसले, ते त्याच्या वेळी आधीच शोधून ठेवलं.

मी नर्स आहे. आमच्याकडे रुग्णाला संसर्ग असेल तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी कल्चरचं सॅम्पल लॅबला जातं, कारण त्याचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतातच. कितीही धावपळ केली तरी ते जंतू आपल्या वेळेनेच वाढणार. घराच्या व्यवहारातही अशी काही कामं असतात. ती ओळखून पहिल्या दिवशी सुरू केली की बाकीचं मार्गी लागतं. खाली लिहिलंय ते रीसेल फ्लॅट, गृहकर्ज आणि पुणे-पिंपरी चिंचवड धरून. बिल्डरकडून नवं घर घेणाऱ्यांचा रस्ता थोडा वेगळा आहे. त्यांनी प्रकल्पाची नोंद महारेराच्या (राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर पाहावी आणि नोंदणीकृत करार होईपर्यंत किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम देऊ नये. कायद्याने बिल्डरला त्याहून जास्त घेता येत नाही.

आधी आपलीच फाईल

घरं बघायला बाहेर पडण्याच्या दोन महिने आधी आपला क्रेडिट रिपोर्ट काढा. सिबिलसारख्या चार कंपन्या आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. मी तो काढलाच नव्हता. बँकेने काढला, तेव्हा कळलं की पाच वर्षांपूर्वी बंद केलेल्या एका क्रेडिट कार्डावर १,१४० रुपये वार्षिक शुल्काचे ‘थकीत’ दिसतायत. रक्कम भरायला दोन मिनिटं लागली. ‘देय बाकी नाही’ असं पत्र मिळून रिपोर्टमध्ये दुरुस्ती व्हायला सव्वा महिना गेला. तक्रार रीतसर नोंदवा, तिचा क्रमांक जपून ठेवा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि त्यामुळेच तारखेचा पुरावा हवा.

दुसरं, नाव. पॅनवर माझं वडिलांसकट पूर्ण नाव, आधारवर मधलं फक्त आद्याक्षर, आणि रुग्णालयाच्या पगारपत्रकावर आडनाव आधी. तिन्ही नावं माझीच असल्याचं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. भावाने आधार आधीच दुरुस्त करून घेतलं. पीएफमधून पैसे काढणार असाल तर तिथलं नाव, जन्मतारीख आणि बँक खातंही आजच तपासा.

तिसरं, पैसे. “बँक ८० टक्के देते” हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं, पण ८० टक्के कशाचे हे कोणी नीट सांगत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यावर ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं. या किमतीत मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी धरत नाहीत. ते आपल्या खिशातून.

माझा फ्लॅट ५८ लाखांचा. कर्ज जास्तीत जास्त ४६.४० लाख, म्हणजे माझा हिस्सा ११.६० लाख. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क सगळे अधिभार धरून ७ टक्के, पण घर फक्त माझ्या एकटीच्या नावावर होतं म्हणून महिलांची १ टक्का सवलत मिळून ६ टक्के, म्हणजे ३.४८ लाख. नोंदणी फी १ टक्का, पण ३० लाखांच्या वरच्या व्यवहाराला ती ३०,००० वर थांबते. झाले १५.३८ लाख. त्यावर वकील, दलाल, बँकेची प्रोसेसिंग फी, सोसायटीचं हस्तांतर शुल्क, गहाणखताचा खर्च. मी १२ लाख जमवून निश्चिंत होते. उरलेले उभे करताना वडिलांना मुदत ठेव मोडायला लावली, त्यात आठ दिवस गेले आणि त्यांचं व्याजही बुडालं. याचं मला अजून वाईट वाटतं. हा हिशेब घर बघण्याआधी कागदावर मांडा, आणि सगळे पैसे विसार देण्याच्या महिनाभर आधी एका खात्यात आणून ठेवा. बँक प्रत्येक मोठ्या जमेचा उगम विचारते. आईवडिलांनी दिलेले असतील तर तसं साधं पत्र करून ठेवा.

महिलांच्या सवलतीबद्दल एक सांगते, कारण यात खूप जण चुकतात. घर नवरा-बायकोच्या जोडनावाने घेतलं तर ती मिळत नाही. खरेदीदार फक्त महिला हव्यात. कर्जात नवरा सहकर्जदार असला तर मात्र अडत नाही. आणि शुल्क लागतं ते कराराची किंमत आणि सरकारी बाजारमूल्य, म्हणजे रेडी रेकनर, यांत जे जास्त असेल त्यावर. हा दर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर गावनिहाय दिसतो.

विक्रेत्याच्या टेबलावर बसून कागद बघणं

इथेच माझे दिवस गेले, म्हणून इथे जरा थांबते.

ज्या काकांकडून मी घर घेतलं ते ७४ वर्षांचे, अतिशय सज्जन. त्यांनी गोदरेजच्या कपाटातून साड्यांच्या दुकानाची एक कापडी पिशवी काढली. आत १९९७ चा करारनामा, जाड लेजर कागदावर टाइप केलेला, लाल फितीने बांधलेला. मी पानं उलटली, दुय्यम निबंधकांचे शिक्के पाहिले, काकांची तरुणपणची सही पाहिली आणि मला भरून आलं. आपलं घर होणार, एवढंच डोक्यात. करारासोबत मूळ नोंदणी पावती असते, ती त्या पिशवीत नव्हती. “असेल इथंच कुठंतरी, मिळेल,” काका म्हणाले. “सावकाश शोधा,” मी म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी दोन लाखांचा विसार देऊन मोकळी झाले.

ती पावती मिळालीच नाही. बँकेच्या वकिलांना ती मूळ हवी होती. कारणही रास्त आहे. मूळ कागद कोणाकडे गहाण तर नाहीत ना, हे त्यांना कळायला हवं. मग पोलिसांकडे गहाळ झाल्याची नोंद, दोन वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस, १५ दिवस हरकतींची वाट, निबंधक कार्यालयातून कराराची प्रमाणित नक्कल, काकांचं हमीपत्र. एका चिठ्ठीएवढ्या कागदापायी महिना गेला.

त्याहून मोठी गोष्ट मी शेअर सर्टिफिकेटवर, म्हणजे सोसायटीच्या सभासदत्वाच्या दाखल्यावर, पाहूनही सोडून दिली होती. त्यावर पहिलं नाव काकूंचं होतं. त्या २०१९ मध्ये वारल्या. काका नॉमिनी होते, सोसायटीने पाठीमागे त्यांचं नाव लावलं होतं, मला वाटलं झालं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. काकूंचा हिस्सा त्यांच्या वारसांचा, म्हणजे काका, मुलगा आणि इंदूरला दिलेली मुलगी यांचा. मुलीची काही तक्रार नव्हती, फोनवर ती माझ्याशी किती प्रेमाने बोलायची. पण ती शाळेत शिक्षिका, दहावीच्या सराव परीक्षा चालू, रजा मिळाली ती फेब्रुवारीत. ती आली, हक्कसोडपत्र नोंदवलं, आणि मग आमच्या कराराच्या वेळी काका आणि मुलगा पुन्हा वेगळे आले. वकिलांनी नंतर सांगितलं की तिघांनीही विक्रेते म्हणून माझ्याच साठेखतावर, म्हणजे खरेदीखताआधीच्या विक्रीच्या करारावर, सह्या केल्या असत्या तर एका खेपेत काम झालं असतं. हा प्रश्न मी आधी विचारला असता तर ती दिवाळीच्या सुट्टीत पुण्यात आली होती तेव्हाच सगळं उरकलं असतं.

म्हणून भावाच्या वेळी आम्ही पितृपक्षात घरं बघितली. त्या पंधरवड्यात कोणी विसार देत नाही, विक्रेत्यांकडे वेळ असतो, दलालही फोन उचलतात. घर पसंत पडल्यावर त्याच्या विक्रेत्या काका-काकूंना सांगितलं, “विसार घटस्थापनेला देऊ. तोवर तुमच्या सोयीने दोन तास द्या, सगळे कागद एकत्र बघू.” त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसून प्रत्येक पानाचा फोटो काढला. काय काय बघितलं ते सांगते.

पहिला बिल्डरबरोबरचा करार आणि त्यानंतर घर जितक्यांदा विकलं गेलं तितके सगळे करार, प्रत्येकासोबत सूची क्रमांक दोन (निबंधक कार्यालयाचा दस्ताचा सारांश) आणि मूळ नोंदणी पावती. साखळीतला एक दुवा जरी झेरॉक्सवर असेल तर तिथेच बोट ठेवा. शेअर सर्टिफिकेट, दोन्ही बाजू. इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र (राहायला परवानगी असल्याचा दाखला) आणि मंजूर नकाशा. नकाशा हातात घेऊन घरात फिरा. गॅलरी बंद करून खोली केलेली असेल, गच्चीवर छत टाकलेलं असेल, तर बँकेचा मूल्यांकनकार ते क्षेत्र धरणार नाही आणि कर्ज कमी होईल. मिळकत कराची शेवटची पावती, वीजबिल, सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र. जमिनीचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक. आणि विक्रेत्याचं पॅन आधारशी जोडलेलं आहे का. हे वरवर क्षुल्लक वाटतं, पण व्यवहार ५० लाखांचा किंवा त्याहून मोठा असेल तर खरेदीदाराला १ टक्का टीडीएस, म्हणजे विक्रेत्याच्या नावचा आयकर, कापून भरावा लागतो, आणि विक्रेत्याचं पॅन निष्क्रिय असेल तर तोच दर २० टक्के होतो. भावाचा फ्लॅट ४६ लाखांचा होता, त्याला टीडीएसची भानगड नव्हती. मला होती. त्याचे ५८,००० विक्रेत्याच्या रकमेतून वजा होतात, पण भरायचे आपण, स्वतःच्या खात्यातून, आणि मुदत रक्कम कापली त्या महिन्याअखेरपासून ३० दिवसांची.

मग तीन प्रश्न, अगदी आदराने पण स्पष्ट विचारायचे. घर कोणाकोणाच्या नावावर आहे, त्यांतलं कोणी वारलंय का, आणि वारस कुठे असतात? घरावर कर्ज चालू आहे का? आणि पैसे मिळाल्यावर तुम्ही कुठे राहायला जाणार? तिसरा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत. विक्रेत्याचं स्वतःचं पुढचं घर ठरलेलं नसेल तर सगळं वेळेत होऊनही ताबा लांबतो. भावाचे विक्रेते नाशिकला मुलाकडे जाणार होते, ट्रक कधी ठरवायचा एवढाच प्रश्न होता.

विक्रेता परदेशात असेल तर आणखी सावध. कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित होऊन इथे यायला वेळ लागतो, आणि अनिवासी विक्रेत्याचा टीडीएस १ टक्क्याचा नसतो, बराच जास्त असतो. अशा वेळी विसाराच्या आधी सीएला भेटा.

फोटो काढलेले कागद त्याच रात्री वकिलांना पाठवा आणि ३० वर्षांचा शोध अहवाल, म्हणजे मालकी आणि बोजाच्या जुन्या नोंदींची तपासणी, काढायला सांगा. “घर घेतलंच नाही तर फी वाया जाईल” असं भाऊ म्हणाला. मी त्याला माझ्या त्या महिन्यांची आठवण दिली. शोधाची फी गेली तरी ती सहन होते, अडकलेला विसार आणि तुटलेली झोप होत नाही.

विसार पावतीत काय लिहून घ्यायचं

विसार छोटा द्या. भावाने ५१,००० दिले, तेही बँकेतून. २०,००० किंवा त्याहून जास्त रोख रक्कम मिळकतीच्या व्यवहारात घेणं आयकर कायद्याने मना आहे, आणि घेणाऱ्याला तेवढाच दंड बसू शकतो. शिवाय कराराबाहेर दिलेल्या पैशावर कर्ज मिळत नाही आणि भांडण झालं तर हातात पुरावाही राहत नाही. कोणी कितीही आग्रह केला तरी ‘थोडे रोख’ याला नाही म्हणा.

पावतीवर वकिलांनी चार ओळी घालून दिल्या, त्याच खऱ्या कामाच्या. मालकी हक्कात दोष निघाला किंवा या मिळकतीवर बँकेने कर्ज नाकारलं तर विसार सात दिवसांत पूर्ण परत. साठेखत इतक्या तारखेपर्यंत. सोसायटीचं हस्तांतर शुल्क कोण भरणार. आणि घरात काय राहणार. गिझर, पंखे, स्वयंपाकघरातली ट्रॉली, सगळं नावानिशी. माझ्या पावतीत यातलं काही नव्हतं. दलालाकडचा छापील नमुना, रक्कम आणि सही.

ज्याला वेळ लागतोच ते पहिल्या दिवशी

घटस्थापनेला दुपारी विसार दिला आणि संध्याकाळपर्यंत चार गोष्टी सुरू केल्या.

वकिलांची जाहीर नोटीस वर्तमानपत्राला गेली. तिचे १५ दिवस कोणी कमी करू शकत नाही, मग ते कर्जाच्या छाननीबरोबरच संपू देत.

सोसायटीला ना हरकत दाखल्याचा अर्ज विक्रेत्यांकडून देववला. समितीची बैठक महिन्यातून एकदाच असते. माझा अर्ज बैठकीनंतर दोन दिवसांनी गेला होता, म्हणजे पुढचा पूर्ण महिना. भावाच्या वेळी आम्ही बैठकीची तारीख आधी विचारून घेतली आणि बँकेला पत्राचा जो मसुदा लागतो तोच सचिवांना टाइप करून नेऊन दिला. सचिव निवृत्त गृहस्थ, त्यांना ते फार बरं वाटलं. हस्तांतर अधिमूल्य, म्हणजे फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर करताना सोसायटी घेते ती रक्कम, महापालिका क्षेत्रात २५,००० च्या वर घेता येत नाही. जास्त मागितलं तर उपविधी (सोसायटीचे नियम) दाखवा, पण शांतपणे. त्याच लोकांत आयुष्य काढायचंय.

विक्रेत्यांचं थोडं कर्ज शिल्लक होतं. त्यांनी आपल्या बँकेत कर्जफेडीच्या रकमेचं पत्र आणि तिथे जमा असलेल्या मूळ कागदांची यादी मागितली. अशा वेळी आपल्या बँकेचा धनादेश विक्रेत्याच्या बँकेच्या नावाने निघतो आणि उरलेली रक्कम विक्रेत्याला. कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत देणं बँकांवर बंधनकारक आहे, उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. पण आपल्याला ३० दिवस थांबायचं नसतं. कागद दुसऱ्या शहरातल्या मध्यवर्ती साठ्यात असतील तर आधीच मागवून ठेवायला विक्रेत्यांनी अर्ज द्यावा.

चौथं म्हणजे बँकेत मिळकतीची फाईल. कर्जाची पात्रता भावाने महिनाभर आधीच मंजूर करून ठेवली होती, म्हणजे आता फक्त घराचे कागद तपासायचे उरले. बँक निवडताना त्याने व्याजदराबरोबर आणखी एक गोष्ट पाहिली. जिन्यात भेटणाऱ्या शेजाऱ्यांना विचारलं, इथे कोणत्या बँकेची कर्जं जास्त आहेत? ज्या बँकेने त्याच इमारतीत आधी कर्ज दिलंय, तिच्याकडे जमिनीचे आणि परवानगीचे कागद तपासून ठेवलेले असतात. फक्त आपल्या फ्लॅटची साखळी बघायची राहते. सगळ्या मिळून दोन बँकांत चौकशी करा, त्याहून जास्त नको, कारण प्रत्येक अर्जाची नोंद क्रेडिट रिपोर्टवर उमटते.

माझी फाईल बँकेत मधेच तीन आठवडे पडून होती. पहिल्या अधिकाऱ्यांची बदली झाली आणि नव्यांना काय बाकी आहे ते माहीतच नव्हतं. आमच्या वॉर्डात असं होऊ देत नाहीत. ड्युटी बदलताना प्रत्येक रुग्णाचं काय झालं, काय राहिलं, काय बघायचं, हे बोलून आणि लिहून दिलं जातं. भावाच्या वेळी मी एका वहीच्या पानावर तसंच केलं. डावीकडे नाव: बँक, वकील, सोसायटी, विक्रेते, आम्ही. पुढे त्यांच्याकडे अडकलेला कागद, आणि तारीख. दर सोमवारी सकाळी भाऊ त्या पानाचा फोटो सगळ्यांना पाठवायचा. कोणाला टोचून बोलायची वेळ आली नाही. वकिलांनी तर त्या पानावरूनच आपली कामं लावली.

नोंदणीचा दिवस

साठेखताचा मसुदा दोन दिवस आधी मागा आणि मोठ्याने वाचा. एकाने कागदावरून वाचायचं, दुसऱ्याने आधार-पॅन-वीजबिल समोर धरून तपासायचं. नावाची अक्षरं, फ्लॅट क्रमांक, सर्व्हे नंबर, चटई क्षेत्र, पार्किंग. पार्किंग करारात नसेल तर ते आपलं नाही. मुद्रांक शुल्क ऑनलाइन चलनाने भरतात. चलनावरची नावंही करारासारखीच हवीत. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदवायचा असतो, पण एवढी वाट कशाला बघायची, सही आणि नोंदणी एकाच दिवशी करा.

दिवस मात्र नीट निवडा. १ एप्रिलला रेडी रेकनरचे दर बदलू शकतात म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात निबंधक कार्यालयांत पाय ठेवायला जागा नसते. माझं साठेखत नेमकं त्यातच आलं. सकाळी अकराला गेलो, नंबर लागला साडेसहाला, काकांना बसायला बाक नव्हता आणि मी डब्यातली पोळी-भाजी त्यांना उभ्याने खायला लावली. पुणे शहरात हवेली तालुक्याची वीसहून अधिक निबंधक कार्यालयं आहेत, त्यांतल्या कोणत्याही एकात नोंदणी चालते, काही सुट्टीच्या दिवशीही उघडी असतात. गर्दी कुठे कमी हे वकिलांच्या कारकुनाला बरोबर माहीत असतं, त्याला विचारा. दस्ताची माहिती आधीच ऑनलाइन भरून घ्या आणि वेळ आरक्षित करा.

मूळ आधार, पॅन, दोन साक्षीदार त्यांच्या ओळखपत्रांसह, फोटो. साक्षीदार त्या दिवशी नक्की रिकामे असतील असे निवडा. विक्रेते वयस्क असतील तर अंगठ्याचं लक्षात ठेवा. काकांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या, यंत्र घेईचना. चार वेळा झालं, मागची माणसं कुरकुरायला लागली, काका ओशाळले. मी पर्समधला ओला रुमाल काढून त्यांचा अंगठा पुसला, दोन मिनिटं माझ्या तळव्यात धरून ऊब दिली, कोरडा केला, आणि पाचव्यांदा उमटला. रुग्णांची शीर सापडत नाही तेव्हा आम्ही हेच करतो. भावाच्या विक्रेत्या काकूंसाठी मी हाताला लावायचं क्रीम बरोबर नेलं होतं, आणि यंत्रापाशी जाण्याआधी पंधरा मिनिटं लावून पुसलं. पहिल्या फटक्यात काम झालं.

सह्यांच्या आधी नोंदणीपूर्व गोषवाऱ्याचा कागद हातात देतात. सगळ्यांना घाई असते, तुम्ही करू नका. सूची दोनवर जे छापून येणार ते यावरूनच. एक अक्षर चुकलं तर चूकदुरुस्तीचा वेगळा दस्त करावा लागतो आणि सगळ्यांना पुन्हा यावं लागतं. भावाच्या गोषवाऱ्यात मजला तिसऱ्याऐवजी चौथा पडला होता. वहिनीने पकडला.

साठेखत नोंदल्यावर ते बँकेत, मग बँकेचा धनादेश, मग खरेदीखत (मालकी देणारा अंतिम दस्त) आणि ताबा. शुल्क पूर्ण भरलेलं असतं ते साठेखताला, खरेदीखताला पुन्हा तेवढं लागत नाही. धनादेशाच्या आधी बँक आपला हिस्सा विक्रेत्याला पोचल्याचा पुरावा मागते. हस्तांतराच्या पावत्या आणि विक्रेत्याच्या सहीची पोच एका पाकिटात तयार ठेवा. टीडीएस लागू असेल तर त्याचं चलनही त्यातच.

किल्ली मिळाली त्या आठवड्यात

तुळशीच्या लग्नाचा दिवस रविवार होता. काकूंनी जाताना उंबऱ्यावर हळदकुंकू वाहिलं आणि भावाच्या हातात किल्ल्यांचा जुडगा दिला. त्याने आधी वीजमीटरचा फोटो काढला, मग गॅसचा, काकांच्या समोरच, तारखेसकट. घर बँकेकडे गहाण असल्याची नोटीस निबंधक कार्यालयात ३० दिवसांत दाखल करायची असते, बँक ती करते की आपण, हे त्याने सोमवारी विचारून घेतलं. सूची दोनची प्रत जोडून मिळकत कराला नाव लावायचा अर्ज दिला. पुणे महापालिकेत स्वतः राहत असाल तर करात ४० टक्के सवलत मिळते, पण त्यासाठी पीटी-३ अर्ज द्यावा लागतो. मी तो वेळेत दिला नव्हता, पहिल्या वर्षी पूर्ण बिल भरलं. महावितरणचं नाव ऑनलाइन बदलता येतं. शेअर सर्टिफिकेट मात्र पुन्हा समितीच्या बैठकीची वाट बघतं, म्हणून त्याचा अर्ज भावाने त्याच रविवारी, सचिव लग्नाचे पोहे खायला वर आले होते तेव्हा, त्यांच्या हातात दिला.